नव्या पुलाचं पहिलं सुतक

डोनी कोकलीला या वर्षी बायकोचा वाढदिवस आठवला. सकाळी दाढी करताना, कुणीही आठवण करून न देता, आपला आपण आठवला. आनंदाच्या भरात त्याने गाल कापून घेतला, त्यावर कागदाचा कपटा चिकटवला आणि तो शीळ घालत स्वयंपाकघरात आला. नोरीनला मात्र त्याने एका शब्दाने काही सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

गेली दोन वर्षं तो हा दिवस साफ विसरला होता. गेल्या वर्षी तर त्याच दिवशी तो हर्लिंगची, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच बघून गाणी म्हणत घरी आला होता आणि दारातूनच त्याने विचारलं होतं, "काय गं, जेवायला काय आहे?" नोरीन बडबड करणारी बाई नव्हे. तिने एवढंच सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा विसरलास ना डोनी, तर मी यॉलला ब्रायडीकडे राहायला जाईन. आणि जाताना किटली घेऊन जाईन."

बहिणीकडे जायची धमकी आमच्या कॉर्कमधल्या निम्म्या बायका देतात, ती कुणी फार मनावर घेत नाही. पण किटलीचं नाव कुणी उगाच घेत नाही. डोनीला त्या रात्री झोप लागली नव्हती. चाळीस वर्षांचा संसार, आणि नोरीनशिवाय घर म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत होतं. ती दोन दिवस इस्पितळात होती तेव्हा त्याने अंडं उकडायला ठेवून पातेलं जाळलं होतं, आणि मग त्या पातेल्याकडे बघत तो चक्क रडला होता.

"जरा बाहेर जाऊन येतो," तो टोपी चढवत म्हणाला.

"बरं," नोरीन म्हणाली.

हे 'बरं' कोणत्या जातीचं आहे ते चाळीस वर्षांत त्याला ओळखता यायला हवं होतं. पण तो शीळ घालण्यात गुंग होता.

ग्रेटाचं फुलांचं दुकान पूर्वी बाजारामागच्या बोळात होतं. तो बोळच पाडला. आता ती नदीपलीकडच्या नव्या चौकात, काचेच्या उंच इमारतीच्या तळमजल्यावर बसते. तिथे जायचे रस्ते दोन. एक जुन्या पुलावरून, लांबचा. दुसरा नव्या पुलावरून, नाकासमोरचा. डोनीने जन्मभर बस चालवलेली. ज्या पुलावरून बस जात नाही त्याला पूल म्हणत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं आणि या नव्या पुलावर पाय ठेवणार नाही अशी त्याने प्रतिज्ञाच केली होती.

तशी ती निम्म्या शहराने केली होती. वसंतात नगरसेवक हॅसेटने फीत कापली तेव्हा टाळ्या फक्त त्याच्या मेव्हण्याने वाजवल्या. वास्तविक पुलात उणं असं काही नव्हतं. पोलादी तारा होत्या, जमिनीत दिवे होते, बसता येणार नाही असे सुंदर बाक होते. पण आम्हा लोकांचं एखाद्या जागेशी नातं जुळायला तिथे आधी काहीतरी वाईट घडावं लागतं. जुन्या पुलावर कुणाचा काका घसरून पडला होता, कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणाला तिथेच तार मिळाली होती. नव्या पुलावर अजून कुणी धड ठेचसुद्धा खाल्ली नव्हती. मग तो आपला वाटावा कसा?

डोनी जाताना जुन्या पुलावरूनच गेला. ग्रेटाने त्याला पिवळ्या गुलाबांचा भलामोठा गुच्छ बांधून दिला आणि सोबत आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. ती संपेपर्यंत दुपार झाली. "मेली ती प्रतिज्ञा," असं म्हणत डोनीने नव्या पुलावर पाय ठेवला, आणि पुलाच्या मधोमध येताच ली नदीवरून असा एक वारा आला की त्याची टोपी उडाली.

टोपी साधी नव्हती, नोरीनने दिलेली होती. डोनीने गुच्छ कठड्याच्या तारांच्या जाळीत घट्ट खोचला, म्हणजे तो तरी उडायला नको, आणि तो टोपीमागे धावला. टोपी त्याला वाट दाखवत निघाली. पूल उतरून ती चौकात आली आणि बरोब्बर त्या जागी थांबली जिथे जमिनीतून कारंजी उडतात. कारंजी कधी उडतील याचा नेम नाही, हीच म्हणे त्यांची गंमत. डोनी वाकला आणि कारंजं उडालं. टोपी वर गेली, डोनी खाली बसला. टोपी खाली आली, डोनी उठला, तोवर दुसऱ्या कारंज्याने तिला पुन्हा वर नेलं. शाळेच्या सहलीला आलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्या खेपेला त्याने टोपी झेलली, पण तोवर त्याच्या बुटांतून पाणी वाहत होतं.

अशा अवतारात घरी गेलो तर वाढदिवस राहील बाजूला, म्हणून तो समोरच्या कॉफीच्या दुकानात शिरला आणि हात वाळवायच्या यंत्राखाली डोकं घालून उभा राहिला. तिथे त्याला फ्रँक भेटला. फ्रँक त्याच्याबरोबर बस चालवायचा. "निघतो रे," असं डोनीने त्याला लगेच सांगितलं. पण आमच्याकडे 'निघतो' म्हणणं ही निघण्याची नुसती सुरुवात असते. चहा झाला, मग दुसरा चहा झाला, मग दारात उभं राहून फ्रँकच्या जावयाची निंदा झाली. डोनी पुलावर परतला तेव्हा त्याची पँट अजून ठिबकत होती.

गुच्छ जागेवरच होता. पण त्याच्यापुढे तीन माणसं माना खाली घालून उभी होती. गुच्छाच्या शेजारी दुसरा एक गुच्छ होता, खाली काचेच्या पेल्यात मेणबत्ती जळत होती आणि तारेला कुणीतरी हर्लिंगवाल्यांचा लाल-पांढरा मफलर बांधला होता.

"काय झालं इथे?" डोनीने विचारलं.

"काय व्हायचं राहिलंय!" एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव पेग. कॉर्कमधली एकही मयत तिने चुकवलेली नाही. "चांगली माणसं अशी जातात बघ, बाळा."

"कोण होतं?"

पेगने त्याच्याकडे चमकून पाहिलं. "म्हणजे? तुला ठाऊक नाही?"

आता इथे आमच्या गावची रीत सांगायला हवी. मेलेला माणूस आपल्या ओळखीचा नाही असं कबूल करणं म्हणजे आपल्याला कुणी विचारत नाही असं कबूल करणं. आमच्या रेडिओवर दिवसातून दोनदा गेलेल्यांची नावं वाचतात. तेवढा वेळ घरात कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. पेगलाही कोण गेलं ते ठाऊक नव्हतं. तिच्या आधी आलेल्या दोघांनाही नव्हतं. पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना ठाऊक आहे.

"ठाऊक आहे की," डोनी म्हणाला. "म्हणजे... थोडाफार."

"कसा होता रे?"

"शांत," डोनी म्हणाला. गुच्छाच्या बाबतीत हे खोटं नव्हतं.

"शांतच होता," शेजारचा सायकलवाला लगेच म्हणाला. "कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि हर्लिंगचा वेडा," मफलरकडे बघत पेग म्हणाली.

डोनीच्या मनात आलं, सरळ सांगून टाकावं. ही फुलं माझी, माझ्या बायकोची, मी ती घेतो आणि घरी जातो. त्याने हात पुढे केला, गुच्छाला लावलाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हळहळून म्हणालं, "बघा, फुलं सारखी करतोय बिचारा." डोनीने फुलं सारखी केली आणि हात मागे घेतला. मेणबत्तीसमोरून फुलं उचलणारा माणूस म्हणून आयुष्य काढायची त्याची हिंमत झाली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा हात लावला. पुन्हा कुणीतरी गहिवरलं. तोवर माणसं वाढली होती.

"अरे, पण तू भिजलायस किती!" पेगचं लक्ष आता त्याच्या पँटकडे गेलं. "आणि गालाला लागलंय! अगं बाई. पाण्यात उतरला होतास की काय?"

"हो, म्हणजे पाण्यात... पण ते तसं नाही," डोनी म्हणाला.

"ऐकलंत?" पेग मागे वळून गर्दीला म्हणाली. "उडी मारली याने त्याच्यासाठी. आणि वर 'तसं नाही' म्हणतोय!"

"टोपीसाठी हो, टोपीसाठी!"

"टोपीच हाती लागली फक्त," पेगने डोळ्यांना रुमाल लावला. डोनीने टोपी छातीशी धरली होती, ती बघून दोन बायका हुंदके द्यायला लागल्या.

यापुढे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. आता एकच मार्ग होता. हा गुच्छ मेलेल्याला लखलाभ असो, आपण दुसरा घ्यावा. डोनी गर्दीतून मागच्या मागे सटकला आणि पळत ग्रेटाच्या दुकानात आला. दुकान रिकामं होतं. बादल्यांत नुसतं पाणी होतं. ग्रेटा काउंटरवर कोपरं टेकून आनंदाने दमून बसली होती.

"ग्रेटा, गुलाब! कसलेही! पिवळे नसले तरी चालतील!"

"एक पाकळी उरली नाही रे, डोनी. सगळी पुलावर गेली. शेवटी तर कुंडीतलं निवडुंग नेलं एकाने." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पहिला गुच्छ तूच ठेवलास ना? मी इथूनच पाहिलं. मला सकाळी बोलला नाहीस काही, आणि मी आपली गुडघ्याचं रडगाणं लावून बसले. घरचाच होता का रे तो?"

"ग्रेटा, नीट ऐक. कुणी मेलेलं नाही."

"पहिले काही दिवस असंच वाटतं," ग्रेटा त्याचा हात थोपटत म्हणाली. "माझ्या आईच्या वेळी मीही असंच म्हणत होते. मी सांगितलंय हो सगळ्यांना, घरचा माणूस आहे, जरा सांभाळून घ्या म्हणून."

आणि तिने खरंच सगळ्यांना सांगितलं होतं. डोनी बाहेर पडला तर नगरसेवक हॅसेट हात पसरून उभा. हॅसेट तीन वेळा निवडून आला तो रस्ते करून नव्हे, मयती गाठून. शहरात कुठे कुणी डोळे मिटले की पहिल्या तासात याचा काळा टाय दारात हजर. शिवाय ज्या पुलावर काल चिटपाखरू नव्हतं त्या पुलावर आज पाऊल ठेवायला जागा नाही, हे बघून त्याचा ऊर भरून आला होता.

"तुम्ही भाऊ," हॅसेट म्हणाला. त्याने विचारलं नाही, नुसतं जाहीर केलं. "चला, लोक खोळंबलेत."

"साहेब, माझं ऐका, माझ्या बायकोचा आज..."

"बाईंनाही बोलावून घेऊ. आधी तुम्ही उभे राहा. लोकांना हात कुणाच्या हातात द्यायचा ते कळत नाहीये, भलत्यांनाच देतायत. मघाशी एका जर्मन पाहुण्याचं सांत्वन झालं."

डोनीला फुलांच्या शेजारी उभं करण्यात आलं आणि रांग लागली. ही आमच्याकडची मयतीची रांग. घरच्या माणसाशी हात मिळवायचा, 'फार वाईट झालं' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. कुठून कोण येतं ते कुणी बघत नाही, पण न येणारा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

"फार वाईट झालं."

"आभारी आहे."

"फार वाईट झालं हो. एकदा माझी गाडी ढकलून दिली होती त्याने. भर पावसात."

"असं का? बोलला नाही कधी," डोनी म्हणाला.

"तो कशाला बोलतोय! त्याचा स्वभावच नव्हता तो."

कुणाच्या आजीला त्याने रस्ता ओलांडून दिला होता. कुणाबरोबर तो शाळेत होता आणि तेव्हाही शांतच होता. कुणीतरी हॅम सँडविचचं ताट आणलं, कारण सँडविचशिवाय आमच्याकडे माणूस नीट मरत नाही. चहाचे थर्मास आले. फादर डुले सायकलवरून आले, धापा टाकत त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि नावाची जागा आली तिथे ते मोठ्याने खोकले. एक तरुण पोलिस आला. त्याला वाटलं चौकीत खबर असणार, आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. तो टोपी काढून उभा राहिला आणि सायकलींना दुसऱ्या बाजूने जायला सांगू लागला. कठडा फुलांनी झाकून गेला. निवडुंगसुद्धा मधोमध शोभून दिसत होतं.

"काही म्हणा, पूल मोक्याच्या जागी बांधलाय," रांगेत कुणीतरी म्हणालं.

"आणि वारा कसा छान येतो," दुसरा म्हणाला. हाच माणूस वसंतात पुलाविरुद्ध सह्या गोळा करत फिरला होता.

डोनीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. चर्चच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. नोरीन घरी खिडकीत बसली असेल, आणि आपण इथे कुणाच्याही नसलेल्या मयताचे भाऊ होऊन उभे आहोत, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. रांग किती उरली ते बघायला त्याने मान उंच केली.

रांगेच्या मागच्या टोकाला नोरीन होती. अंगात जाडा कोट, डोक्याला रुमाल, हातात बॅग. बॅगेची चेन लागलेली नव्हती, कारण तिच्यातून किटलीची तोटी बाहेर आली होती.

ती यॉलच्या बसला निघाली होती. दिवसभर वाट पाहिली होती, सकाळची शीळ ऐकून आशाही केली होती, आणि शेवटी उठून बॅग भरली होती. बस स्टेशनला जायची जवळची वाट नव्या पुलावरून, आणि पुलावर मयतीची रांग. आता बस चुकली तर दुसरी मिळते, पण रांग बघून पुढे जाणं तिच्या रक्तात नव्हतं. ती बॅग सरकवत गपचूप उभी राहिली होती. पुढे कोण उभं आहे हे तिला माणसांच्या पाठींमुळे दिसत नव्हतं.

"मला जाऊ द्या," डोनी हॅसेटला म्हणाला. "ती निघाली हो! माझी बायको निघाली!"

"माणूस खचलाय," हॅसेट फादरना म्हणाला, आणि दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी दंडाला धरून उभं केलं.

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. नोरीन पुढे येत होती. डोनीला तिचा रडून लाल झालेला नाकाचा शेंडा दिसला आणि त्याला स्वतःचा इतका राग आला की तो पुढच्या माणसाचा हात हातात घेऊन "वाईट झालं, फार वाईट झालं," असं आपणच म्हणायला लागला. शेवटी ती समोर आली. अशा वेळी तोंडाकडे बघायची रीत नाही, म्हणून तिने मान खाली घालूनच हात पुढे केला.

"फार वाईट झालं," नोरीन म्हणाली.

आणि तिला हात ओळखू आला. तिने मान वर केली.

"डोनी?"

"नोरीन."

"अरे देवा." तिचा चेहरा पांढराफटक पडला. बॅग खाली पडली आणि किटली घरंगळत फादरांच्या पायाशी गेली. "डोनी, कोण गेलं रे? आपल्यातलं कोण गेलं?"

सगळा पूल जवळ सरकला. आज दुपारपासून सगळ्यांना हेच विचारायचं होतं. हॅसेटने कान पुढे केला. पेग चवड्यांवर उभी राहिली. डोनी वाकला आणि त्याने बायकोच्या कानात सांगितलं, "कुणी नाही गेलं. मधली पिवळी फुलं तुझी आहेत. टोपीमागे धावलो, तोवर यांनी मेणबत्ती लावली. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. कागदाचा कपटा चिकटलेला गाल, चुरगळलेली टोपी, ओली पँट. मग पिवळ्या गुलाबांकडे पाहिलं, निवडुंगाकडे पाहिलं, हातात सँडविच घेऊन उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले. तिने तोंड डोनीच्या कोटात खुपसलं आणि ती अशी काही गदगदून हलायला लागली की पेग ओरडली, "मागे व्हा! जरा मोकळं रडू द्या तिला!"

बऱ्याच वेळाने नोरीनने डोकं वर काढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने रुमालाने तोंड पुसलं, कोट सारखा केला आणि डोनीच्या शेजारी रांगेत उभी राहिली. डोनीचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ तिथे राहिला नाही.

"फार वाईट झालं," पुढची बाई म्हणाली.

"झालं खरं," नोरीन म्हणाली. "माणूस मनाने चांगला होता हो. पण विसराळू."

"विसराळू का?"

"बायकोचा वाढदिवस विसरायचा."

"अगं बाई! कितीदा?"

"दोनदा. लागोपाठ."

ही बातमी रांगेतून मागे वाऱ्यासारखी गेली. येणाऱ्या बायकांचे चेहरे बदलले. ज्याने दुपारभर गाड्या ढकलल्या आणि आज्यांना रस्ते ओलांडून दिले, त्या सज्जन माणसाच्या नावाला पहिल्यांदाच डाग लागला.

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये," पेग म्हणाली, "पण दोनदा म्हणजे फारच झालं."

"एकदा तर मॅच बघून आला, आणि दारातून विचारतो, जेवायला काय आहे?"

"शी! देव क्षमा करो त्याला!"

"आज मात्र आठवलं होतं बरं का," डोनी मधेच बोलला. त्याला राहवलं नाही. "फुलं घेऊन घरीच निघाला होता तो."

सगळा पूल हळहळला. नोरीनने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तिचे ओठ पुन्हा थरथरायला लागले, तेव्हा तिने घाईघाईने नदीकडे तोंड फिरवलं. पण फिरवता फिरवता तिने डोनीचा हात धरला होता, आणि रांग संपेपर्यंत तो सोडला नाही. शेवटची माणसं त्याच्या डाव्या हाताशीच हात मिळवून गेली.

उजेड उतरू लागला तशी गर्दी पांगली. हॅसेटने फर्मान सोडलं की वाऱ्यात एवढ्या फुलांची नासाडी नको, ती घरच्यांच्या घरी पोचवा. पोलिसाने निवडुंग उचललं. फादर डुले किटली घेऊन नोरीनपाशी आले.

"वर्ष भरल्यावरच्या प्रार्थनेचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि म्हणजे... नाव कोणतं घ्यायचं?"

"नाव देवाला ठाऊक आहे, फादर," नोरीन म्हणाली. "त्याला गाजावाजा आवडायचा नाही. पण प्रार्थना करा. दर वर्षी करा, इथेच, पुलावर. हीच तारीख, बदलायची नाही. आदल्या दिवसापासून रेडिओवर सांगा. चर्चच्या दारावर लावा. नगरसेवक साहेब, तुमच्या पत्रकातही घाला." मग ती डोनीकडे वळली. "म्हणजे कुणी विसरायला नको."

डोनीने फादरांच्या हातातली किटली घेतली आणि बॅगेत ठेवली.

पुढच्या वर्षी त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी रेडिओने सांगितलं. सकाळी पुन्हा सांगितलं. दूधवाल्याने दारात टोपी काढली. शेजारच्या बाईने कुंपणावरून सफरचंदाचा केक दिला आणि म्हणाली, "आजचा दिवस तुम्हा दोघांना जड जाणार." बसमधल्या ड्रायव्हरने डोनीकडून तिकिटाचे पैसेच घेतले नाहीत. डोनी ग्रेटाचं दुकान उघडायच्या आत तिथे जाऊन उभा होता. पिवळ्या गुलाबांचा गुच्छ पोटाशी घट्ट धरून, कुठेही न थांबता, तो घरी आला.

"अगं बाई, लक्षात राहिलं तुझ्या!" नोरीन म्हणाली.

"सगळं गाव रडतंय, मी कसा विसरणार?"

तिने फुलं पाण्यात ठेवली, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि कपाटातून त्याचा काळा कोट काढला. "घाल पटकन. फादर वाट बघतायत, आणि रांग गेल्या वर्षीपेक्षा मोठी आहे म्हणे."

डोनीने मुकाट्याने कोट घातला. आणि दोघं नवरा-बायको, जमेल तेवढे पडलेले चेहरे करून, वाढदिवस साजरा करायला नव्या पुलाकडे निघाली.